कडक इस्त्रीची चादर

अमरावतीच्या राजापेठेतल्या खुशालराव लाँड्रीवाल्यांची लेक म्हटल्यावर प्रणालीला कापडाचं काही शिकवायची कोणाची टाप नव्हती. सुती चादर कोमट पाण्यात भिजवावी, रेशमी अभ्रा सावलीत वाळवावा, लोकरीचं ब्लँकेट पिळू नये, टॉवेलात गुंडाळून त्याचं पाणी टिपावं, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आणि पांढरी चादर म्हणजे खळ, नीळ, इस्त्री. एक सुरकुती राहिली तरी खुशालराव गिऱ्हाइकाने पाहायच्या आत चादर पुन्हा बादलीत टाकत.

लग्न होऊन ती दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात आली आणि तिच्या सगळ्या विद्येवर पाणी पडलं, तेही खारं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येईना. चादरी पिवळट पडल्या. शेजारणी म्हणाल्या, इकडे असंच असतं बाई. पण ऐकेल ती खुशालरावांची लेक कसली? तिने साबण दुप्पट केला, निळीचा हात सैल सोडला आणि खळ इतकी घट्ट केली की वाळलेली चादर भिंतीला टेकवून उभी करावी. तिचं मात्र समाधान झालं.

श्रावणात तिचे सासरे महादेवराव, तिचे मामाजी, ओसरीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस खाटेला खिळला. नवरा, नितेश, सकाळी त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घाली, तेवढ्यात प्रणाली चादर बदलत असे. आजाऱ्याचं अंथरूण कसं असावं ते गावाने पाहावं, अशी तिची जिद्द. भेटायला आलेला प्रत्येक जण चादरीचं कौतुक करी, आणि महादेवराव मान हलवत.

महिन्याभरात त्यांच्या पाठीला जखम झाली. एक दिवसाआड मलमपट्टी करायला येणाऱ्या नर्सबाईंचा चेहरा दर खेपेला उतरत गेला. शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं, आठ दिवसांत जखम भरायला लागली नाही तर अमरावतीला भरती करावं लागेल. महादेवरावांना दवाखान्याची धास्ती होती. त्यांची बायको गोदाबाई अशीच भरती झाली होती आणि परत आली नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. प्रणालीने घाबरून चादर दिवसातून दोनदा बदलायला घेतली, दोन्ही कडक.

तिसऱ्या सकाळी गादी उलटताना खाली काहीतरी मऊ हाताला लागलं. महादेवरावांचं जुनं धोतर, घडी घातलेलं. त्यावर रक्ताचे चार वाळके ठिपके होते.  मग तिच्या लक्षात आलं की आपण खोलीत शिरलो की मामाजी नेहमी हात गादीखालून काढताना दिसतात. आपली पाठ फिरली की धोतर पाठीखाली जात होतं, आणि बांगड्या वाजल्या की ओढून पुन्हा लपत होतं. त्या ओढाताणीत जखम रोज सोलली जात होती.

नितेशने त्यांना खाटेवर आणून निजवलं तेव्हा ती धोतर हातात घेऊन उभीच होती. "मामाजी, तुमी सांगतलं काहून नाही?"

महादेवराव ओशाळले. "तू भर उकाड्यात इस्त्री घेऊन उभी राहतं. एवढ्या हौसेनं आनतं," ते म्हणाले. "टोचते म्हनून कोन्या तोंडानं सांगू माय?"

प्रणालीला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त स्वतःचा राग आला. गाव चादर बघत होतं; त्या चादरीवर निजत होते एकटे मामाजी.

खळीचं पातेलं तिने माळ्यावर टाकलं. दर पाचव्या दिवशी येणारं नळाचं गोडं, प्यायचं पाणी ती एका ड्रममध्ये फक्त त्यांच्यासाठी धरू लागली. साबण चिमूटभर, आणि मग तीनदा खळबळणं. शिवण पाठीखाली येऊ नये म्हणून धोतरच दुहेरी करून अंथरलं. इस्त्री नाही, वाळल्यावर दोन्ही तळव्यांत चोळून चोळून मऊ करायचं. आठव्या दिवशी नर्सबाईंनी पट्टी सोडली, जखम नीट पाहिली आणि भरतीचं नाव काढलं नाही.

दसऱ्यानंतर खुशालराव व्याह्यांना भेटायला आले. येताना दोन नव्या कोऱ्या पांढऱ्या चादरी आणल्या होत्या, आपल्या हाताने धुऊन, खळ देऊन, करकरीत घडी घालून. खाटेवर पिवळट, चुरगळलेलं धोतर पाहून ते दारातच थबकले. त्यांची नजर प्रणालीला लहानपणापासून माहीत होती. तिने मान खाली घातली.

"खुशालराव," महादेवराव म्हणाले, "डोयानं पाहू नका. हात लावून पाहा. पोरीनं ड्रममधी गोडं पानी धरून त्यात धुतलं आहे."

महादेवराव कुशीवर वळले तसा खुशालरावांनी वाकून हात फिरवला. उशीपासून पायथ्यापर्यंत, पुन्हा वर. मग व्याह्यांच्या पाठीवरच्या सुकत आलेल्या जखमेकडे पाहिलं.  त्यांनी पिशवीतल्या दोन्ही चादरी बाहेर काढल्या, घड्या मोडल्या आणि बाह्या वर सारल्या.

"पोरी," ते म्हणाले, "गोडं पानी कोन्त्या ड्रममधी आहे?"