झिजलेली बाजू

शेवटच्या साध्या दिवशी बाबा भिंगातून एक गाडी निरखत बसले होते. ती अजून जुनी व्हायची होती.

गाडी जुनी करणं हा त्यांचाच शब्द. प्लास्टिकचे सुटे भाग घासून, जोडून, रंगवून तळहातावर मावेल एवढी गाडी उभी राहिली की त्यांच्या लेखी निम्मंच काम झालेलं असे. नवी कोरी गाडी काय, दुकानातही मिळते, असं ते म्हणत. आधी ठरवायचं, ही चालवतं कोण. मग त्या माणसाच्या सवयीप्रमाणे ते तिला झिजवत. चालवणाऱ्याची सीट किंचित दबलेली, क्लचवरचं रबर उडालेलं, त्याच्या दाराच्या कडेला बुटाचे ओरखडे. शेजारची सीट मात्र कायम कोरी. "हा गुरांचा डॉक्टर. रात्री-अपरात्री याला सोबत कोण देणार?" असं काहीतरी सांगायचे.

मी सुट्टीची आले होते. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती.

"अहो, चहा गार झाला. त्या गाडीत बसून या, लवकर पोचाल."

"पेट्रोल नाही," बाबा आतून म्हणाले.

"घरात माणसं राहतात, आठवतं का कधी?"

"आवाजावरून आठवतं."

असलंच बोलणं ऐकत मी मोठी झाले होते. कप मीच आत नेऊन दिला. बाबांनी मान वर न करता टेबलावर तेवढी जागा केली. संध्याकाळी मी माझ्या घरी परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. ते खुर्चीतच गेले होते.

नातेवाईक आले, गेले. मी आईपाशी राहिले. मग एक दिवस घड्याळवाले काका आले. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि या गाड्यांच्या वेडात ते बाबांचे जुने सोबती. येताना त्यांनी एक मोठी पेटी आणली होती. आत स्पंज, त्यात गाड्यांच्या मापाचे खळगे कापलेले. त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं, आणि यंदा एक टेबल फक्त बाबांच्या गाड्यांचं मांडायचं ठरलं होतं.

मापं आधीच कशी घेतली, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला.

"सगळ्या न्या," आई म्हणाली. "वरच्या फळीवरच्या तीन तेवढ्या राहू द्या."

"वहिनी, त्याच तर हव्यात."

मी पाणी आणायला गेले. माझी पाठ वळताच बाहेर कुजबुज सुरू झाली.

"मुलीला सांगितलंत?"

"कशाला? झालं गेलं."

"कळणारच आहे तिला. डोळे आहेत तिला."

मी पाण्याचे पेले घेऊन आले तेव्हा दोघंही हवापाण्याचं बोलत होते. काका रविवारी येतो म्हणून पेटी ठेवून गेले. त्या पेटीकडे बघत मी जेवले. आईला विचारलं, "काय सांगायचं होतं मला?" तर ती म्हणाली, "कुठे काय? भाजी वाढू?" आई खोटं बोलते तेव्हा वाढत सुटते. आई आणि काकांबद्दल एक विचार तर असा आला की मी तो अर्ध्यावरच दामटून खाली बसवला. दुसरा मात्र बसेना. गाड्या चांगल्या होत्या, बाहेर त्यांना मागणी होती, आणि काकांना या घरात यायला कधी बेल वाजवावी लागली नव्हती.

आई दुपारची झोपली तेव्हा मी त्या तीन गाड्या खाली काढल्या. बाहेरून बाबांच्याच वाटत होत्या. खिडकीशी नेऊन भिंग लावलं.

चालवणाऱ्याची सीट कोरी करकरीत होती. क्लचचं रबर शाबूत. झीज सगळी दुसऱ्या बाजूला होती. शेजारची सीट दबलेली, पायाखालची चटई टाचेच्या जागी विटलेली, समोरच्या कप्प्यावर हात टेकून टेकून आलेली तकाकी. दाराच्या मुठीचा रंग गेलेला. आणि एका सीटवर नखाएवढी घडी घातलेली शाल.

तिन्ही गाड्या तशाच. अशी चूक बाबांनी झोपेतही केली नसती. म्हणजे या गाड्या त्यांच्या नव्हत्या. त्यांच्या कुठेतरी गेल्या होत्या आणि जागी या आणून ठेवल्या होत्या. कुणी, ते उघड होतं. आईला ते माहीत होतं, आणि ती गप्प होती.

रविवारी काका आले. त्यांनी पेटी उघडली, तेव्हा मी ती तीन मॉडेल्स त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"काका, या बाबांच्या नाहीत. त्यांच्या कुठे आहेत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले नाहीत. "मी म्हटलं नव्हतं?" ते आईला म्हणाले.

"मला विचार," आई म्हणाली. "त्यांची कसली उलटतपासणी? मी केल्यात त्या."

मी भिंग पुन्हा उचललं.

"हात थरथरायला लागला होता त्यांचा. चिमट्यात साधा आरसा धरवेना. एकदा सगळं डबाबंद केलं आणि म्हणाले, संपलं. मग मीच म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. या भावोजींनी रंग पातळ करायला शिकवलं."

"पहिल्या गाडीला फार ओरडले वहिनींवर," काका म्हणाले.

"मीही ओरडले."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांचं तसं होतं. तुझ्यासमोर त्यांना धड राहायचं होतं."

मी गाडी उचलली. "पण बाजू चुकली की. बाबांना दिसलं नाही?"

"मला दुसरी बाजू कुठे ठाऊक? मी उभ्या जन्मात इथेच बसले." तिने बोटाने शेजारची सीट दाखवली. "मला जे झिजतं ते मी झिजवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं आता खोडून काढायला लावतात. तर म्हणाले, असू दे. माझ्या सगळ्या गाड्या एकट्याच चालल्या होत्या."

काका उठले. "भरलेली पेटी गाडीत ठेवून येतो," म्हणाले. पेटी अजून भरलेली नव्हती, तरी ती घेऊन जिना उतरले.

आई त्या तीन गाड्या पुसू लागली. मऊ ब्रश, हलका हात, छतापासून खाली, अगदी बाबा पुसत तसं. "यांच्यावर त्यांचं नाव नको लावू देऊस," ती म्हणाली. "लोक हसतील. म्हणतील, म्हातारपणी बाजू विसरला."

"दोघांचं लावू."

"छे, काहीतरीच." पण ब्रश थांबला होता.

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. कितीतरी वर्षं हे ओठांशी यायचं आणि मी ते दुसऱ्याच विषयावर नेऊन घालायचे. आता दुसरा विषय सुचला नाही.

"आई," मी म्हटलं, "मला लहानपणापासून वाटत आलंय, तुमचं दोघांचं पटत नाही. तू फक्त माझ्यामुळे इथे राहिलीस."