ढोलकी थांबायची ती जागा
धुळ्याच्या झुंबरबाईच्या फडात नाच बसवायचा तो झुंबरबाईनंच. दुसऱ्या कुणाची काय बिशाद! तिचं सगळं नाव एका ठेक्यावर होतं. डावी टाच टेकायची, ढोलकी गप्प व्हायची, पाय जरा ओढायचा आणि मग सगळं अंग एकदम सुटायचं. "हा माझ्या डोक्यातून निघालेला ठेका," असं ती चारचौघांत सांगायची.

एकोणीसशे चौतीस साली कुणीतरी कानावर घातलं, चाळीसगावच्या फडातली पोरगी तोच ठेका नाचते. झालं, बाईच्या डोक्यात किडा शिरला. ठेक्याची खोच ठाऊक असलेला माणूस एकच, वीस वर्षं तिची साथ करणारा ढोलकीवाला हनीफ. त्यातून महिन्यात दोनदा तो चाळीसगावला जाऊन आलेला. बहीण जैनब आजारी आहे म्हणे. आजारी बहिणीकडून माणूस गुणगुणत परततो का हो?

"हनीफभाऊ, चाळीसगावला कुणाकडं असता?"

"बहिणीकडं, बाई." त्यानं मान वर केली नाही.

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली, आणि फडादेखत त्याला काढून टाकलं. त्यानं फडाची ढोलकी जागेवर ठेवली आणि गेला.

मग चोरी उघडी पाडायला ती स्वतः चाळीसगावला पोचली. पोरगी हुबेहूब नाचत होती. मागं सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांशेजारी तिला शिकवणारी नशिराबादची म्हातारी भागाबाई बसली होती. झुंबरबाई लहानपणी हिच्याच हाताखाली शिकली होती, पण तिचं नाव कधी तोंडावर आणलं नव्हतं. झुंबरबाईची मान खाली गेली.

"अक्का, ठेका तुमचाच. मीच लपवलं."

म्हातारी हसली. "मना कसाना ठेका? मना घोटा मोडेल व्हता. पाय उचलाले येळ लागे. मी सावरस तोवर हनीफ ढोलकी थांबाडे. बठ्ठं त्यानंच शे."

ठेका आपण चोरलाय हे झुंबरबाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. कुणाचा, ते आज कळलं: तिच्याआधी भागाबाईची साथ करणाऱ्या हनीफचा. तिला स्वतःची लाज वाटली.

धुळ्याला उतरून ती थेट हनीफच्या दारी गेली. दाराला कुलूप होतं. कुठं गेला ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालमीला नवा ढोलकीवाला पितांबर बसला. तिनं डावी टाच टेकवली. "इथं थांबायचं."

"किती वेळ, बाई?"

तिनं पाय ओढून पाहिला. पुन्हा टाच टेकवली, पुन्हा ओढला. वीस वर्षांत तिला ते कधी मोजावंच लागलं नव्हतं.