नानी आयती, अक्का मेहनतीची

इंदिराबाई रावेरहून धुळ्याला निघाल्या त्या नातीला परत आणायलाच. मुलगा हेमराज गाडी चालवत होता आणि पारोळ्यापर्यंत बोलणी खात होता.

चार वर्षांची मेघा जन्मापासून नाकातून बोलायची. टाळू वरून धड दिसे. पण कातडीखाली मागचे स्नायू मधोमध जुळलेलेच नव्हते. ते धुळ्याच्या डॉक्टरांनी ओळखलं, ऑपरेशन केलं. पुढे रोज बोलण्याचे धडे, म्हणून सून डिंपल पोरीला घेऊन तीन महिने माहेरीच होती. अन् फोनवर पोर काय म्हणे? 'नानी' अगदी खणखणीत. सारं गाव ज्या इंदिराबाईंना अक्का म्हणून दबकतं, त्यांना मात्र नुसतं 'अंहा'.

विहिणीने तीन महिने पोरीला स्वतःचंच नाव घोटून पाजलं, असं इंदिराबाईंचं म्हणणं. आमच्या घरची पोर, अन् आमचंच नाव नासलं.

धुळ्यात विहीण प्रमिलाबाईंनी पाणी पुढे केलं. इंदिराबाईंनी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला आणि धड्यालाही सोबत गेल्या. विहिणीची चोरी त्यांना धडे देणाऱ्या बाईंसमोर पकडायची होती.

शिकवणाऱ्या सुलक्षणाबाईंनी मेघाच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. मेघा 'नानी' म्हणाली. आरशावर वाफ धरली.

"विहीणबाईंनी हेच शिकवलं ना?" इंदिराबाईंनी विचारलं.

सुलक्षणाबाई हसल्या. 'न' नाकातूनच येतो, म्हणाल्या, त्याला टाळू उचलावी लागत नाही. 'क'ला मात्र मागची मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद व्हावी लागते. दोन्ही बाजूंचे स्नायू मधे जुळून तिला झोळीसारखं उचलतात. मेघाची झोळी मधेच उसवलेली होती. आता शिवली आहे, पण उचलायची सवय नाही.

झोळी इंदिराबाईंना कळली. चार लेकरं त्यांनी शेतातल्या निंबाला झोळी बांधून वाढवली होती.

"मंग नानी कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही, अक्का. ते आयतं आलं."

नाव आयतं मिळालेल्या विहिणीकडे इंदिराबाईंनी बाजारात खोटं माप सापडल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात बाईंनी आरसा पुसून पुन्हा धरला. मेघाने मान ताठ केली, डोळे मिटले.

"अक्का."

आरसा कोरडा. पुन्हा म्हणाली, पुन्हा कोरडा. आठच दिवस झाले म्हणे, हे जमायला लागून.

"घरी कोण घोटून घेतं?" इंदिराबाईंचा आवाज उतरला होता.

प्रमिलाबाई पदराशी चाळा करत होत्या. त्यांचा घसा बसलेला होता, तो आत्ता इंदिराबाईंच्या ध्यानात आला.

"नानी त फुकटमा येस, विहीणबाई. अक्काले मेहनत लागस."

आनंद व्हायच्या आधी इंदिराबाईंनी हिशेब मांडला. नाव त्यांचं, अन् त्यावर घाम विहिणीचा. आता तिला शिव्या द्यायचीही सोय उरली नाही.

अजून तीन महिने धडे लागतील, सुलक्षणाबाई सांगत होत्या, मधे तुटले तर टाळू पुन्हा आळसावेल. हेमराज आईच्या तोंडाकडे बघत राहिला. डिंपलने मेघाला जवळ ओढलं.

"राहू द्या पोरगी," इंदिराबाई म्हणाल्या. "पण विहीणबाई, ती अक्का म्हणायला बसली की मला फोन लावायचा. माझं नाव तुम्ही एकट्यानेच ऐकायचं, हे काही चालायचं नाही."

परतताना त्यांनी कुंकवाच्या डबीतला आरसा काढून नाकाखाली धरला. हळूच 'नानी' म्हणाल्या. वाफ आली. ती त्यांनी पदराने जरा जोरातच पुसली.

हेमराजने वळून पाहिलं.

"पुढं बघ," त्या म्हणाल्या.