इतर

"अध्यक्षांचं मनोगत सर्वात वर पाहिजे, फोटोसकट," गुलाबराव टेबलावर बोट ठेवून म्हणाले. "त्याच्याखाली कार्यकारिणी. मंग सत्कार समारंभ. मंग वर-वधू."

"काका, मुलीची आई साइटवर तुमचा सत्कार पाहायला येणार आहे का?" शर्मिष्ठानं विचारलं.

रायपुरातल्या मराठी मंडळाच्या वधू-वर साइटचं काम तिच्याकडे आलं होतं ते 'आपलीच पोट्टी आहे' या एका गुणावर. सदर बाजारात सराफाच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून ती लोकांच्या साइट बनवायची. मालकाला पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा असतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता. या दोघांच्या मध्ये उभं राहून भांडणं हाच तिचा धंदा होता, आणि तो तिला झकास जमायचा.

मनोगतावर गुलाबराव मागे हटले. अडले ते पुढे. शर्मिष्ठानं पुनर्विवाहाची स्थळं वर-वधूंच्याच विभागात, सगळ्यांच्या बरोबरीनं ठेवली होती.

"हे खाली टाक, इतरमध्ये. पोट्टीच्या मायबापाले पहिल्याच नजरेत हे काहून दाखवायचं?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तू मनाले लावून घेऊ नको, बेटा. मी रीतीचं बोलून राहिलो."

टेबलाभोवतीची सगळी मंडळी एकदम चहात डोकावू लागली. शर्मिष्ठा दुर्गच्या सासरहून कायमची परत आली होती, हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं? साइट झाली की तिथं नाव घालीन, असा शब्द तिनं आईला दिला होता. आईनं तगादाच तसा लावला होता. पण नाव घालायचंच तर ते चारचौघींच्या रांगेत असावं, मागच्या दारानं नको, एवढंच तिला हवं होतं.

"काका, जागा तुम्हीही ठरवू नका आणि मीही नको," ती म्हणाली. "साइट ज्यांच्यासाठी आहे ती माणसं ठरवतील. मी त्यांना विचारते. ते म्हणतील तसं."

"हव, मंजूर," गुलाबराव लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की तिथंच तिला शंका यायला हवी होती.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तिनं सतरंजी अंथरली. साइटवरची एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहून आणली होती. बायकांनी एकेक करून यायचं, जे ज्याच्यासोबत शोभेल ते त्याच्यासोबत ठेवायचं आणि ढिगांना नावं द्यायची. लोकांच्या डोक्यातली मांडणी अशीच कळते, यावर तिचा भारी विश्वास.

सेक्रेटरींच्या बायकोनं, रमाकाकूंनी, मनोगताची चिठ्ठी सरळ स्वतःच्या मांडीखाली सारली. "हे कोणी वाचत नाही बाप्पा!" हॉल हसला, शर्मिष्ठाही हसली. मग काकूंच्या हातात 'पुनर्विवाह' आलं. त्यांनी ते तिच्याकडे न बघता 'हॉल भाड्याने' आणि 'जुने फोटो' यांच्या ढिगात ठेवलं. ढिगाचं नाव? "इतर."

पुढचीनंही तेच केलं, तिच्या पुढचीनंही. नुकतीच बँकेत लागलेली मीनल आली तेव्हा शर्मिष्ठाला वाटलं, ही तरी.

"दीदी, बुरा मत मानना," मीनल म्हणाली, "पर ये ऊपर दिखेगा ना, तो मम्मी लोग साइट ही बंद कर देंगी."

शेवटी आई बसली. पद्मिनीबाईंनी चष्मा लावला आणि डाळ निवडावी तशा भराभर चिठ्ठ्या निवडल्या. एक उरली. ती त्यांनी बोटात धरली, तिचा दुमडलेला कोपरा सरळ केला. 'वधू'वर ठेवली. शर्मिष्ठाचा जीव भांड्यात पडला. तोच आईनं ती उचलली आणि इतरच्या ढिगात, हॉलच्या चिठ्ठीखाली सरकवली.

"काहून, आई?" चाचणी घेणाऱ्यानं असं विचारायचं नसतं. तिनं विचारलं.

"लोक तिथंच पाहतीन ना," पद्मिनीबाई खाली बघत म्हणाल्या. "मीबी तिथंच पाहीन."

तिला संताप आला. रमाकाकूंचा नाही, गुलाबरावांचाही नाही. आईचा आला, आणि त्याची लाज वाटली म्हणून आणखी आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं बाकी सगळं चिठ्ठ्यांप्रमाणे लावलं, पुनर्विवाह मात्र वरच ठेवलं. कोण विचारणार होतं? चिठ्ठ्या तर तिच्याच पर्समध्ये होत्या. पण ते पान बघवेना. लोक म्हणतील तसं, हे चार माणसांत तीच बोलली होती. तिनं ते उचललं आणि खाली, इतरमध्ये टाकलं.

उद्घाटनाला गुलाबरावांनी बटण दाबलं. मनोगत पार तळाला गेल्याचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. "समाजाच्या मनासारखी साइट झाली," ते माइकवर म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. ज्याला त्याला जे हवं ते सापडत होतं. शर्मिष्ठाला नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या.

घरी आल्यावर तिनं शब्द पाळला. नाव घातलं, फोटो चढवला, मोबाइल आईच्या हाती दिला आणि मागे उभी राहिली. पद्मिनीबाईंचा अंगठा पहिल्या पानावर टेकला. 'वधू'पाशी तो थांबलासुद्धा नाही. थेट खाली गेला. इतर. मग पुनर्विवाह. एकदाही चुकला नाही.

लेकीचा फोटो उघडला तशी आई खुलली.

"लई सोपं केलं हो बेटा," ती म्हणाली. "कोणाले विचारा लागलं नाही. पटकन सापडली तू."