सहा आवाजांची भाषा

माणसाचा धंदा काय, तर भाषा बनवणं. सासरे वारले तरी आपला जावई नेमकं काय करतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. व्हिडिओ गेममधले राक्षस, सिनेमातले परग्रहावरचे पाहुणे, अशांच्या तोंडी घालायला तो भाषा घडवून द्यायचा. त्याची सुरुवात शब्दांपासून कधीच व्हायची नाही. कुठले आवाज घ्यायचे आणि कुठले टाकायचे ते आधी ठरायचं, आणि त्याचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटायचा. "अहो, तुमच्या राक्षसांना जरा सरकायला सांगा, मला दूध काढायचंय," असं त्याची बायको म्हणायची.

त्याचा नियम एकच होता आणि तो फार कडक होता. तोंडाला दोन आवाज कितीही वेगळे वाटोत, ऐकणाऱ्याची दहात एकदा जरी गल्लत झाली, तर त्यातला एक कचऱ्यात.

आणि अशा माणसाच्या नेमक्या गळ्यातच गाठ निघाली. दैवालाही जागा सापडते ती अशी.

सर्जन भला माणूस होता, आडपडदा न ठेवता बोलला. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून चालेल. फुप्फुसातली हवा तोंडात येणारच नाही, त्यामुळे आवाज नाही आणि कुजबुजसुद्धा नाही. केलं तर वर्षानुवर्षं आहेत, नाही केलं तर सात-आठ महिने. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही त्यानं चालवून दाखवलं.

"हा माणूस बोलतोय का मिक्सर?" असं विचारून यानं ते परत दिलं.

घरी येऊन त्यानं जाहीर केलं की ऑपरेशन करायचं नाही. लेक रडली, भांडली, शेवटी तिनं हात टेकले. "आई, आता तूच काहीतरी कर. बाबा ऐकले तर तुझंच ऐकतील."

पण त्याला ऐकवायची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर नवा तक्ता लागला होता.

"बाईसाहेब, इकडे या," तो म्हणाला. "फुप्फुसातली हवा नसली तरी गालातली हवा आहे ना? ओठ आहेत, जीभ आहे. घोडा हाकताना करतो तो टॉक, कीव करताना करतो तो च्च, पापा घेतानाचा आवाज. स्वर एकही नाही, पण अकरा आवाज निघतात. अकरा म्हणजे चैन झाली! मी आपल्या दोघांपुरती भाषा बनवतो. चाळीस शब्दांची परीक्षा घेणार. मी आतल्या खोलीत पाठ करून बसणार, तू इथे लिहून घ्यायचं. पस्तीस बरोबर आले तर ऑपरेशनच्या कागदावर सही करतो. नाहीतर आहेत तेवढे दिवस तुझ्याशी बोलत बोलत जातो."

तिनं मान हलवली आणि दूध काढायला फ्रिज उघडला.

तिनं अठ्ठावीस वर्षं छापखान्यात कागदांच्या घड्या घालणाऱ्या मशीनवर काढली होती. त्या खडखडाटानं तिचे कान खाल्ले होते. तीन वर्षांपूर्वी ती गुपचूप तपासून आली होती. बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांची नस गेली आहे, तपासणाऱ्या बाईनं सांगितलं, कानाला मशीन लावलंत तर मोठं ऐकू येईल, स्पष्ट नाही. जाड, खालचे आवाज तेवढे शाबूत होते. आणि नवऱ्याचा आवाज तर घागरीत बोलल्यासारखा घुमायचा. भाजीवालीचं ऐकू येत नव्हतं, फोनची घंटा ऐकू येत नव्हती, लेकीचं निम्मंशिम्मं अंदाजानं चालायचं, पण त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हणून तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. ज्याचं पोट आवाजावर चालतं त्याला आपली बायको बहिरी होत चालली आहे हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो आपला चिडवायचा, "बाईसाहेबांचं लक्ष कुठंय?" आणि तीही हसून वेळ मारून न्यायची.

आता त्यानं जे अकरा आवाज निवडले होते ते सगळे बारीक होते. तिच्या कानांना जे जे वर्ज्य, नेमकं ते ते त्यानं वेचून आणलं होतं.

पहिल्या परीक्षेत चाळीसपैकी सात आले.

ती ओशाळली. तो मात्र हसला. "तुझी चूक नाही गं. भाषा ज्यानं बनवली त्याची चूक." आणि त्यानं तक्त्यावरचे तीन आवाज खोडले. दुसऱ्या खेपेला नऊ आले. त्यानं आणखी दोन खोडले. नियमाला पक्का माणूस! दोष कानांचा आणि कुऱ्हाड आवाजांवर. त्याची ती लाडकी भाषा तिच्या डोळ्यांदेखत रोडावत होती, आणि रोज जेवताना तो थोडा थोडा गप्प होत होता. "सहाच उरले," एका दुपारी तो म्हणाला. "सहाच्या खाली भाषा होत नाही, नुसत्या खुणा होतात. आता पुढची परीक्षा शेवटची."

त्याच दिवशी तिनं ठरवलं.

गोळ्या घेऊन तो दुपारी झोपायचा. तेवढ्या वेळात ती आरशासमोर बसायची आणि सहाही आवाज काढून बघायची. आपल्याला ऐकू येवो न येवो, दिसतं काय? ओठांच्या फटक्याला गाल आधी फुगतात. घोड्याच्या आवाजाला हनुवटी खाली जाते. च्च करताना ओठाचा डावा कोपरा ओढला जातो, निदान त्याचा तरी ओढला जातो. आठ दिवसांत ती असली तयार झाली की छापखान्यातल्या मुकादमानं पाठ थोपटली असती. मग साफसफाईच्या नावाखाली तिनं जेवणाचं टेबल हातभर सरकवलं. आतल्या खोलीतल्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत, पाठ करून बसलेल्या त्याचं तोंड तिथून लख्ख दिसत होतं.

अडतीस आले. दोन तिनं मुद्दाम चुकवले, कारण चाळीस आले असते तर त्याला संशय आला असता.

कागद तपासता तपासता त्याचे डोळे भरून आले. त्यानं लेकीला फोन लावला. "अडतीस! तुझ्या आईला अडतीस!" दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. नवरा वाचला, बाकीचं नंतर निस्तरू.

पण ऑपरेशनला आठ दिवस होते, आणि सही झाल्या क्षणापासून त्यानं तोंडानं बोलणंच बंद केलं. चहा हवा तर टॉक-च्च, दार लाव तर गालाचा फटका. "सवय व्हायला हवी," एवढंच एकदा म्हणाला.

"बोला ना हो नेहमीसारखं," ती म्हणाली. "अजून आवाज आहे तोवर."

त्यानं हसून मान हलवली आणि नव्या भाषेत काहीतरी म्हटलं. तिनं ते त्याच्या तोंडाकडे बघून वाचलं: 'हे पण माझंच बोलणं.'

मला तुमचा आवाजच तेवढा ऐकू येतो हो, तो असा फुकट घालवू नका, हे बोलावं तर सही मागे जाणार. घरातलं सोनं वाहून जात होतं आणि तिला हात पुढे करता येत नव्हता. मग ती काहीबाही निमित्तं काढायची. गॅसवाल्याला फोन लावा, विजेचं बिल चुकलंय, विचारा जरा. तो फोनवर गॅसवाल्याशी भांडायचा आणि ती ओट्याशी पाठ टेकून डोळे मिटून ऐकत राहायची. आठ दिवसांत असे चार फोन झाले. तिसऱ्या खेपेला गॅसवालाच वैतागला, "साहेब, सिलिंडर कालच दिला की तुम्हाला!"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ सगळी निघाली, असं सर्जन म्हणाला, आणि लेक आईच्या गळ्यात पडून रडली.

सहाव्या दिवशी त्याला तोंड हलवायची परवानगी मिळाली. लेक औषधं आणायला खाली गेली होती. बायको कोपऱ्यातल्या बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून पेला विसळत होती. नर्स पलंगाशी पट्टी बदलत होती.

"अहो काकू," नर्स मोठ्यानं म्हणाली आणि जवळ येऊन तिच्या खांद्याला हात लावला. "काका केव्हाचे टॉक टॉक करतायत. तुम्हालाच बोलावतायत बहुतेक."

ती वळली. तो तिच्याकडे बघत होता. नर्सचं काम संपलं, ती ट्रे उचलून गेली. तो बघतच राहिला. मग त्यानं लिहायला म्हणून उशाशी ठेवलेली पाटी उचलली आणि तोंडापुढे धरली.

पाटीच्या वर त्याचे डोळे दिसत होते. पाटीमागे तो काहीतरी बोलत होता. किती शब्द बोलला ते तिला कळलं नाही. पाटी खाली आली तेव्हा ती तशीच उभी होती, आणि पेल्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं होतं.

त्यानं लिहिलं, 'कधीपासून?'

"तीन वर्षं झाली."

'अडतीस?'

"टीव्हीच्या काचेत बघून लिहिले. ऐकू आले ते सातच. पहिल्या दिवशी आले तेवढेच."

पाटी पुसायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं लिहिलं, 'माझा आवाज?'

तिला खोटं बोलता आलं असतं. आजवर इतकं बोलली, त्यात आणखी एक. पण आता तिचा धीर सुटला होता. "तो सगळा ऐकू यायचा," ती म्हणाली. "तेवढा एकच यायचा. मला तुम्ही हवे होतात हो. आवाजाचं मी बघून घेईन म्हटलं. मला कुठं माहीत होतं, तुम्ही आठ दिवस आधीच गप्प व्हाल म्हणून?"

त्यानं पाटी पोटावर पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो रडत होता. रडण्यालाही आता आवाज नव्हता, खांदे हलताना दिसले म्हणून तिला कळलं. ती पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत अंग चोरून उभी राहिली.

"बोला ना," ती म्हणाली. "शिव्या घाला. तोंड दिसलं की मला सगळं कळतं. बोला माझ्याशी."

त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि चादर नाकापर्यंत ओढून घेतली.