नवसाच्या भिंतीवरचे स्प्लिंट

टेकडीवरच्या चॅपलसमोर माणूस मावत नव्हता. कुणी ट्रकातून आलं होतं, कुणी मोटारसायकलवर तिघं बसून, कुणी गाढवावरून, आणि सगळ्यांचे डोळे एकाच पायरीवर खिळले होते. तिथे पांढऱ्या झग्यातला ब्रदर एलिझेऊ उभा होता. त्याच्या पुढ्यात एक चपटा काळा दगड, आणि दगडाभोवती बोगनवेलीच्या फुलांचा जाडजूड हार. एक सात-आठ वर्षांचं पोर त्याने काखेत हात घालून उचललं, आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि पोराचे पाय दगडाला टेकवले. जन्मात कधी उभं न राहिलेलं पोर ते. त्याचे पाय ताडकन सरळ झाले आणि ते उभं राहिलं. बाया हंबरडा फोडून रडल्या, बाप्यांनी टोप्या काढल्या.

"शहरातले डॉक्टर काय म्हणतात?" ब्रदरने विचारलं. "वेळ लागेल म्हणतात. वर्षं लागतील म्हणतात. देवाकडे जायला कुणी नंबर लावतं का? तो म्हणतो ऊठ, आणि पोर उठतं."

लोक रडता रडता हसले. जीभ मोठी गोड होती त्या माणसाची. जुनी गाडी विकायला बसला असता तरी बिनचाकाची खपवली असती.

रांगेत जेनिवाल उभा होता, कडेवर नात जुसारा. जेनिवाल झाबुंबा वाजवायचा. गळ्यात अडकवायच्या या मोठ्या ढोलाशिवाय आमच्या गावात लग्न लागत नाही आणि जूनमधला सेंट जॉनचा सणही होत नाही. ढोलवाल्याचे पाय एरवीही स्वस्थ नसतात, त्या दिवशी तर जेनिवालचा पाय नुसता नाचत होता. यावं की येऊ नये यात त्याने आठवडा घालवला होता. शेजारच्या लिंदाल्वाने त्याचं डोकं खाल्लं होतं. तिकडे साओ पाउलोत लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी त्याची लेक एदिलेने रोज फोनवर एकच विचारत होती, बाबा, नेलंत का तिला?

ज्या वर्षी डासांनी पोटातल्या पोरांना बाधणारा ताप आणला, त्या वर्षी जुसारा आईच्या पोटात होती. डोकं लहान, पाय ताठ, बोलणं नाही. पण मुलगी मोठी हुशार. हो म्हणायचं असलं की डोळे वर करायची, नाही म्हणायचं असलं की मिटून घ्यायची. उंबूचं आंबट फळ चोखताना सगळं तोंड वेडंवाकडं करायची आणि लगेच आणखी मागायची. बकरीने हात चाटला की खिदळायची. आजोबाने तिला मांडीवर घेऊन झाबुंबा वाजवला की तिचे दोन्ही हात हळूहळू उघडायचे. आठवड्यातून दोनदा तो तिला पहाटेच्या नगरपालिकेच्या गाडीने शहरातल्या केंद्रात थेरपीला न्यायचा. तिथल्या वाल्किरिया बाईंनी शिकवलेलं सगळं तो घरी करून घ्यायचा. मांड्या दुमडा, गुडघे वाकवा, टाच टेकवा, पायाला आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट चढवा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि फरक पडायचा तो मुंगीच्या पावलाने.

रांगेत एक तेलवाली बाई फिरत होती. प्रत्येक पोराच्या तळपायाला ती अंगठ्याने पवित्र तेल चोळायची आणि मग कुणाला पुढे काढायची, कुणाला मागे. जुसाराच्या तळव्याला तेल लागताच तिने मान डोलावली आणि दोघांना पुढे घेतलं. मागे मार्लुसे होती, गावातल्याच चक्कीवर काम करणारी. तिचा पोरगा डेनिल्सन अंगाने अगदी सैल, मान धरवत नव्हती. त्याच्याही पायाला तेल लागलं. बाई म्हणाली, तुझी श्रद्धा अजून कच्ची आहे, पुढच्या रविवारी ये. मार्लुसे खाली मान घालून निघून गेली. हा तिचा तिसरा रविवार होता.

आणि मग जुसारा उभी राहिली.

जेनिवालने बघितला तो तिचा चेहरा. आपल्या छातीच्या उंचीवर, सरळ, समोर. एवढी उंच आहे ही? त्याला माहीतच नव्हतं. तो पोरासारखा रडला. लिंदाल्वाने मोबाइलवर सगळं टिपलं आणि जागच्या जागी एदिलेनेला पाठवून दिलं.

आमच्याकडे रिवाज असा, की जे दुखणं बरं झालं त्याची वस्तू चॅपलच्या भिंतीला टांगायची. लाकडाचे हात, लाकडाचे पाय, मेणाची डोकी, सगळी भिंत भरलेली. ब्रदर आल्यापासून तिथे पोरांचे स्प्लिंटच स्प्लिंट लटकत होते, निळे, गुलाबी, फुलपाखरांचे. आणि टांगलेली वस्तू कुणी परत घ्यायची नाही. घेतली तर दुखणं दुप्पट होऊन घरी येतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ब्रदर म्हणाला, काढ ते प्लास्टिक. शहरात पाऊल टाकलंस तर देवावर तुझा भरवसा नाही असा अर्थ होईल. जेनिवालने स्वतःच्या हाताने स्प्लिंट काढले, पिवळ्या चांदण्यांचे, आणि खिळ्याला अडकवले. गाडीतली जागाही सोडून दिली.

एदिलेनेचा फोन आला. ती एवढंच म्हणाली की काम सोडून ती सणाला घरी येतेय, कायमची. आई आली की पोरीने चालत दारापर्यंत यावं, एवढीच तिची इच्छा होती.

मग काय विचारता. जेनिवाल उठता बसता जुसाराला उभं करू लागला. उंबऱ्यावर उभी कर, चुलीपाशी उभी कर, शेजारी आले की उभी कर. पाय टेकले की ती ताठ व्हायची, जणू बटण दाबलंय. शेजारी टाळ्या वाजवायचे. आठवड्याभरात मात्र त्याच्या जिवाला काहीतरी टोचू लागलं. लंगोट बदलायला मांड्या उघडेनात. उंबूच्या झाडाखालच्या तिच्या खुर्चीत तिला बसवावं तर कंबर वाकेना, पोरगी फळीसारखी घसरून खाली. मक्याचा कुस्कुस भरवताना ठसका लागायला लागला. ढोल वाजवला तरी मुठी उघडेनात. आणि हसणं? हसणं कुठे गेलं, कळेना.

तो घरात येरझारा घालू लागला. अंगणात जाई, परत येई. लिंदाल्वा म्हणाली, सैतान जाता जाता त्रास देतोच. त्याने जुसाराला पुन्हा उंबऱ्यावर टेकवली, आणि या वेळी पहिल्यांदाच चेहऱ्याकडे न बघता खाली बघितलं. टाचा अधांतरी होत्या. सगळं अंग बोटांच्या टोकावर, गुडघे लाकूड, पाय कात्रीसारखे एकावर एक चढलेले. आणि भार? भार सगळा त्याच्याच हातांवर होता. हात ढिले केले असते तर पोरगी तोंडावर पडली असती.

आणि हे त्याला माहीत होतं. माहीत होतं हो. इतकी वर्षं वाल्किरिया बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, टाच टेकवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे जुसाराला घेऊन तो गाडीपाशी उभा होता, सोडलेली जागा परत मागत. केंद्रात पोचला तेव्हा मान वर करवत नव्हती. वाल्किरिया बाईंनी तिचे उघडे पाय बघितले, त्याच्याकडे बघितलं, आणि स्प्लिंट कुठे आहेत हे विचारलंच नाही. बहुतेक तो पहिला नव्हता. जुसाराला त्यांनी मांडीवर दुमडून घेतलं आणि तिच्या पायाच्या बोटांखालच्या गादीवर अंगठा दाबला. पाय ताडकन सरळ झाला.

"आजोबा, हे बळ नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूचा निरोप वाटेत अडकतो, म्हणून हे कुलूप बसतं. बोटांकडून दाब आला की ते लागतं, आणि जितकं लावाल तितकं घट्ट होतं. आपण इतकी वर्षं तेच उघडत होतो."

जेनिवाल त्या अंगठ्याकडेच बघत राहिला. हा अंगठा त्याने कुठे तरी पाहिला होता. नेमका याच जागी.

"सैल अंगाच्या पोराला असं होतं का, बाई?"

"नाही. त्याला काही होत नाही, ते तसंच लोंबतं."

तो खुर्चीतून उठला, परत बसला, पुन्हा उठला. तेल कुठलं आणि पवित्र कुठलं. ती बाई पोरं निवडत होती. ज्याचा पाय ताठ होईल ते पुढे, ज्याचा होणार नाही त्याची आई पापी. मार्लुसे तीन रविवार स्वतःच्या श्रद्धेला शिव्या देत घरी गेली होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. वाल्किरिया बाई म्हणाल्या, मी टेकडीवर आले तर लोक म्हणतील पोटावर पाय आला म्हणून ओरडते. तो म्हणाला, तुम्ही नका येऊ. भिंतीवर टांगलंय मी, काढणारही मीच.

घरी आल्यावर त्याने जुसारापुढे बसून तिला विचारलं. लोकांसमोर एकदाच, फक्त एकदा, तुला ताठ करावं लागेल. दुखेल थोडं. मग नाही करणार, कधीच नाही. करू का? जुसाराने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग डोळे वर केले.

रविवारी तो पाठीवर झाबुंबा आणि कडेवर नात घेऊन टेकडी चढला. लोकांना वाटलं, ढोल वाजवून देवाचे आभार मानायला आलाय. वाट करून दिली. त्याने झाबुंबा पायरीखाली कातडं वर करून ठेवला, जुसाराला काखेत धरलं आणि तिची बोटं ढोलाच्या कातड्याला टेकवली. पोरगी ताठ उभी राहिली.

गर्दीतून कुजबुज उठली.

"प्रार्थना म्हटली नाही," जेनिवाल म्हणाला. "पवित्र दगड नाही. या ढोलाने आजवर लग्नं आणि दारुडे यांच्याशिवाय काही पाहिलेलं नाही. तरी उभी राहिली. मग संत कोण, मी की ढोल?"

कुणीतरी फिसकन हसलं. ब्रदर एलिझेऊ पुढे आला, आवाजात मध कालवून म्हणाला, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू. आणि लगेच त्याने रांगेतलं पुढचं पोर उचलून दगडावर टेकवलं. पोर ताठ झालं. लोक पुन्हा गुडघ्यांवर यायला लागले.

जेनिवालने जुसाराला छातीशी घेऊन तिचे पाय दुमडले आणि गर्दीत नजर फिरवली. "मार्लुसे, तुझी श्रद्धा कच्ची नाही गं. तुझ्या पोराचे पाय सैल आहेत, म्हणून तुला परत पाठवतात. ती बाई तेल चोळत नाही, बोटांखाली दाबून बघते. पाय ताठ झाला तर चमत्कार, नाही झाला तर तू पापी. खोटं वाटत असेल तर ती फुलं बाजूला कर."

मार्लुसे डेनिल्सनला खांद्यावर टाकून पुढे आली. तेलवाली आडवी आली, तर तिला कोपराने सारलं. पायरी चढली आणि चपलेच्या टोकाने तो बोगनवेलीचा हार दगडापासून दूर ढकलून दिला.

पोराच्या टाचा हवेत होत्या. दगडाला लागली होती ती दोन अंगठ्यांची टोकं. झग्याच्या रुंद बाह्यांत ब्रदरचे दंड थरथरत होते, कारण अख्खं पोर त्याने उचलून धरलं होतं. इतके रविवार लोकांनी चेहरे बघितले, अश्रू बघितले, आभाळ बघितलं. पायाकडे कुणीही बघितलं नव्हतं.

"आता सोड त्याला," मार्लुसे म्हणाली. "उभा आहे ना? मग सोड हात."

ब्रदरने हात सोडले नाहीत. पोराची आई धावली आणि तिने पोर ओढून घेतलं.

जेनिवाल भिंतीकडे गेला. मागून लिंदाल्वा ओरडली की नवसाचं परत घेऊ नका, पोरीवर दुप्पट येईल. त्याचा हात खिळ्यापाशी थबकला. साठ वर्षांची भीती ती, एका थेरपीने थोडीच जाते. पण कडेवरच्या पोरीचे दगड झालेले पाय त्याला पोटाशी टोचत होते. दुप्पट व्हायचं ते होऊन चुकलं होतं. त्याने स्प्लिंट काढले.

मग तो तिथेच पायरीवर बसला. जुसाराला मांडीवर घेऊन कंबर वाकवली, गुडघे वाकवले, घाई न करता. गर्दी उभी होती. पाय सैल व्हायला बराच वेळ लागला, आणि कुणालाही कंटाळा येईल असंच ते काम आहे. शेवटी दोन्ही टाचा ढोलाच्या कातड्यावर सपाट टेकल्या. त्याने दुसऱ्या हाताने काठी घेऊन ढोलाच्या कडेला हळूच ठोका दिला. तो ठोका तिच्या टाचांतून वर चढला असावा. मुठी उघडल्या आणि जुसारा खिदळली.

त्या दिवशी चॅपलवरून बरेच स्प्लिंट खाली उतरले. सगळे नाही. ब्रदर एलिझेऊ आठवड्यात गाव सोडून गेला, आणि ऐकतो की दुसऱ्या कुठल्या टेकडीवर त्याचा दगड पुन्हा मांडलाय. लिंदाल्वा अजून जेनिवालशी बोलत नाही.

एदिलेनेला मात्र सांगणं भाग होतं. तो फोन त्याने अंगणात फेऱ्या मारतच केला. तिने पहिलं तेच विचारलं, उभी राहते ना?

"नाही," जेनिवाल म्हणाला. "दारापर्यंत चालत येणार नाही ती. मी तुला खोटं दाखवलं, मलाही ते खरं वाटलं होतं. पण टाचा टेकते, आणि हसते. तू ये. तुला बघून डोळे वर करेल ती, ते बघायला ये."

तिने विचारलं, मी येतेय, उंबू अजून आहेत का झाडाला? आहेत म्हणाला.

तर मंडळी, तुमच्याकडेही कुणीतरी असाच दगड मांडून बसलेला असेल. पोराच्या दुखण्याने आईबाप, आजीआजोबा इतके थकलेले असतात की ते कुठेही जातील, त्यांना हसू नका. फक्त त्यांच्याबरोबर जा, आणि सगळे वर बघत असतील तेव्हा खाली बघा. विचारा, हात सोडल्यावर काय होतं? ज्यांना परत पाठवलं ती पोरं कुठे आहेत? भिंतीवर स्प्लिंट टांगून गेलेली पोरं आज कशी चालतात? उत्तर मिळालं नाही, तर फुलं बाजूला करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मार्लुसेने फुलं चपलेच्या टोकाने सारली होती.