राहनाळच्या फाट्यावर अडवलेली गाडी

मी एक जुनी पिवळी स्कूल व्हॅन आहे, मित्रांनो. नारपोलीतल्या मिशनच्या शाळेची. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बावीस मुलं चढली आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं सोलून निघालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मला चालवणारे एजाजभाई आधी कापड विणायच्या लूमवर कामाला होते. मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या जानकीबाई जवळच्या राहनाळ गावच्या. आणि पुढच्या सीटवर रोज बसत त्या सिस्टर लोरेना, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या फिलिपिन्सहून आल्या होत्या. मराठी शिकल्या जानकीबाईंकडून, म्हणून त्यांच्या तोंडी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बसलेलं. गावातल्या बायका ते ऐकून पदराआड हसायच्या.

सिस्टरना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. सकाळी फोनवर पाण्याच्या टँकरची चौकशी. गणिताच्या बाई अचानक नोकरी सोडून गेल्या, तेव्हा अपूर्णांकांना मराठीत काय म्हणतात ते एजाजभाईंना विचारणं. शेजारच्या लूमची खडखड एवढी, की वर्गात ओरडून त्यांचा आवाज बसायचा. दुपारी स्वतःच्या, या देशात राहण्याच्या परवानगीचे कागद घेऊन त्या मलाच सरकारी कचेरीकडे दामटायच्या. मी दारात उभी, त्या आत. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर मला त्यांच्या पावलांवरूनच कळायचं.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका रविवारी सिस्टरनी राहनाळच्या अकरा मुलांना डोळे तपासायला दवाखान्यात नेलं. माझ्यातूनच. सोमवारी गावाच्या फाट्यावर रस्त्यात आडवी मोटारसायकल उभी होती. शेजारी केसरीनाथदादा, सहावीतल्या मृणालीचे आजोबा, आणि त्यांच्यामागे दहा-बारा माणसं. कुणीतरी मोबाइलवर पसरवलं होतं, की गाडी मुलांना प्रार्थनेला घेऊन गेली.

“गाडी हिथंच थांबव. आमची पोरं येनार न्हाईत,” दादा म्हणाले.

एजाजभाईंचा हात माझ्या स्टिअरिंगवर घट्ट झाला. सिस्टर खाली उतरल्या.

“दवाखान्यात नेलं दादा. प्रार्थनेला न्हाय. पण चूक माझी हाय. घरी चिठ्ठी पाठवायला पायजे होती.”

“चिठ्ठी न्हाय. इचारायला पायजे होतं.”

सिस्टर म्हणाल्या, “हां. इचारायला.”

मी रिकामी परत आले. रिकामी गाडी किती खडखडते, ते तुम्हाला माहीत नसेल. दुसऱ्या दिवशी एजाजभाई म्हणाले, “सिस्टर, खाली गाडी लेके जाके क्या फायदा?” तरी त्या बसल्याच. आठ दिवस आम्ही फाट्यावर गेलो, दहा मिनिटं थांबलो आणि तसेच परतलो. परीक्षा जवळ आली होती. सिस्टर सारखं घड्याळ पाहायच्या आणि माझ्या खिडकीच्या रबरावर नख घासायच्या.

नवव्या दिवशी दवाखान्यातून मृणालीचा चष्मा आला. सिस्टरनी तो फाट्यावर दादांच्या हातात दिला. “तुम्हीच घाला तिला,” एवढंच म्हणाल्या. दादांनी तो खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ते मृणालीला घेऊन फाट्यावर उभे होते. तिच्या नाकावर चष्मा होता.

“तीन वर्सं फळ्यावरचं दिसत नव्हतं हिला,” ते म्हणाले. “शेजारनीचं बघून लिवायची. घरात कुनाला बोलली न्हाय.” त्यांनी मृणालीला माझ्या पायरीवर चढवलं. “न्या पोरांना. पन परत कुठं नेयाचं असंल, तर आधी घरी यायचं.”

तेव्हापासून सिस्टर संध्याकाळी घरोघर जाऊ लागल्या. कामात आणखी एका कामाची भर. अकरांपैकी आठ मुलं परत आली. तिघं आली नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना एजाजभाई मला हळू करायचे. कुणी चढायचं नाही.

यंदा शाळेने मोठी बस घेतली आणि मला भिंतीकडेला लावलं. माझ्या टायरांतली हवा उतरते आहे, टपावर लूममधून उडणारी कापसाची धूळ साचली आहे. पण बस राहनाळच्या गल्लीत वळत नाही. म्हणून मुलं मोठ्या रस्त्याने, कंटेनरच्या रांगेच्या कडेने चालत येतात. पहिली घंटा होते आणि मी एक एक चेहरा मोजते. कालच सिस्टरनी मला पुन्हा चालू करायला मेकॅनिकला फोन केला. त्यांचे स्वतःचे कागद अजून आलेले नाहीत. पुढच्या वर्षी त्या इथे असतील की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, हारही नको. आज मेकॅनिक आला, तर त्याला एवढंच सांगा, की इंजिनाचं नंतर बघ, आधी ब्रेक बघ. मला लहान मुलांच्या दाराशी थांबायचं असतं.